आपण म्हणजे कोण कोण?

पीएच.डी.च्या प्रबंधाला सुरुवातीलाच एक प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. शब्द विद्यापीठागणिक थोडेफार बदलतात, गाभा एकच असतो: सदर प्रबंध हे माझे स्वतःचे मूळ संशोधन आहे. खाली उमेदवाराची सही, ठिकाण, दिनांक. मी ती सही केली त्या दिवशी माझ्या कपाटात, बुटांच्या खोक्यात, चाळीसेक बायकांच्या बोलण्याच्या कॅसेटी होत्या. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा सगळा डोलारा ज्या मुद्द्यावर उभा होता, तो मला एका शेतमजूर बाईनं कांदा निवडता निवडता सांगितला होता. मी त्याला एक भारदस्त पारिभाषिक नाव दिलं, दोन परदेशी विदुषींचे संदर्भ जोडले आणि मुद्दा माझा झाला. ऋणनिर्देशात 'क्षेत्रकार्यात सहकार्य करणाऱ्या सर्व भगिनी' अशी एक ओळ होती, तीत ती बाई बसली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मुलाखती ठीक आहेत, पण यात तुमचं स्वतःचं योगदान कोणतं?" मी घडाघडा उत्तर दिलं. पदवी मिळाली.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा आधी ते खोकं माळ्यावरून काढलं. त्या शेतमजूर बाईच्या, सतराव्या कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'शे. म., वय ५५ अं., क्र. १७'. नाव नाही. निनावी ठेवणं हाच तेव्हा आम्हाला शिकवलेला सभ्यपणा होता, आणि त्यामागे कारणही होतं. त्याकडे पुढे येईनच. पण आज मला तिला शोधायचं म्हटलं तर माझ्याजवळ एक आकडा आहे आणि एक आवाज.

पुस्तकाचा विषय एका दमात सांगायचा तर असा: स्त्रीवादी नजरेनं, अनेकींनी मिळून, आणि शोधनिबंधाच्या ठरीव साच्याबाहेर पडून, म्हणजे गाण्याच्या, रोजनिशीच्या, नाटकाच्या, पाककृतीच्या वाटेनं, विद्यापीठात किंवा विद्यापीठाच्या उंबऱ्यावर केलेलं संशोधन. 'सहभागी' आणि 'सर्जनशील' हे शब्द हल्ली अनुदानाच्या अर्जात मिठासारखे पडतात, त्यामुळे ही कालपरवाची टूम वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाही, आणि मराठीत तर नाहीच.

जात्यापासून सुरुवात करते. दळायला दोघी समोरासमोर बसतात, मध्ये जातं, खुंट्याला दोघींचे हात. एकीचा मोकळा हात वैरण घालतो. एक ओवीची पहिली ओळ उचलते, दुसरी तिच्या पाठोपाठ येते. कधी दुसरी आपल्याकडची ओळ जोडते. एकटीलाही दळता येतं, पण जड जातं, आणि गाणंही तोकडं पडतं. आता ही ओवी कुणाची? तिनं ती आईकडून घेतलेली असते, सासरी आल्यावर त्यात भावाचं नाव आणि गावचा रस्ता बदललेला असतो, जावेनं एक शब्द फिरवलेला असतो. विद्यापीठाच्या प्रतिज्ञापत्रावर ती सही करू शकणार नाही. ओवी मात्र तिची असते, यात कुणालाच शंका नसते, तिला तर नसतेच.

हे ज्यांनी शोधपद्धती म्हणून ओळखलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ. पुण्यात त्यांनी समाजशास्त्रांतल्या सहकारी संशोधनासाठी केंद्र चालवलं. 'सहकारी' हा शब्द केंद्राच्या नावातच होता. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चालू होतं, आणि त्या संघटनेतल्या बायका आपापल्या गावात, मग शेजारच्या गावांत जाऊन ओव्या गोळा करू लागल्या. म्हणजे संशोधक गावात गेला असं झालं नाही. गावातलीच बाई शेजारणीच्या ओसरीवर बसली. जिला स्वतःला शंभर ओव्या येतात तिला समोरची काय गाळते आहे ते कळतं. सासूवरची ओवी सासू घरात असताना म्हणवून घ्यायची नसते, हेही तिला कुणी शिकवावं लागत नाही. अनेक वर्षांच्या या खटपटीतून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या, तीन हजारांहून अधिक बायकांच्या, एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ सोबत आले आणि ध्वनिमुद्रण व संगणकीय नोंदी सुरू झाल्या. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या दस्तऐवज-संग्रहानं हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून लोकांपुढे मांडायला सुरुवात केली.

तिथली एकेक ओवी पाहताना मी थबकते ती ओवीखाली. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलंबाळं, व्यवसाय. परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे, मुळशीतल्या ताराबाई उभे, कुसुम सोनवणे. जुन्या लोकगीतसंग्रहांत बहुतेकदा ओवीखाली फार तर प्रदेशाचं नाव असायचं. गाणारी 'लोक' या शब्दात विरघळून जायची. लोकसाहित्याला कर्ता नसतो, हे आम्ही एम.ए.ला पाठ केलेलं वाक्य. आता वाटतं, कर्ता नसतो की कर्ती असते म्हणून तो दिसत नाही? राधाबाई बोऱ्हाडे बाबासाहेबांवरच्या ओव्या गातात. त्या ओव्या 'मराठवाड्यातील लोकपरंपरा' या मथळ्याखाली छापल्या असत्या, तर एका दलित बाईनं आपल्या चळवळीचा इतिहास जात्यावर बसून रचला ही गोष्टच पुसली गेली असती.

या कामाचं कौतुक करताना एक खोच राहतेच. एक लाख ओव्यांचं विषयवार वर्गीकरण केल्याशिवाय त्यातून वाट काढता येत नाही, आणि वर्गीकरण करणारं डोकं जात्यावर बसलेलं नसतं. 'सीता' या सदरात टाकलेली ओवी गाणारीच्या मनात सीतेवर होती की धाकट्या बहिणीवर, हे सदर सांगत नाही. संघटनेतल्या बायका बैठकीत ओव्यांवर बोलत, अर्थ लावत, भांडत; ते बोलणं कुठल्याही तक्त्यात मावत नाही. मला विचाराल तर मूळ संशोधन त्या भांडणातच होतं.

विद्यापीठात हे वारं कधी शिरलं, ते थोडक्यात सांगते, कारण तो इतिहास अन्यत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. १९७४ साली मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकारानं स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू झाला. त्याच वर्षाअखेर भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा सरकारी समितीचा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर बाईचं बरं चाललं आहे ही समजूत मोडली. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एस.एन.डी.टी.तच भरली. पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ साली 'स्पॅरो' हे बायकांच्या आवाजांचं नि चित्रांचं संग्रहालय उभं केलं. लक्ष्मी म्हणजे 'अंबै' या नावानं लिहिणाऱ्या तमिळ कथाकार. एकच बाई कथा लिहिते आणि मौखिक इतिहासही जमवते, यात तिला स्वतःला काही विसंगत वाटलं नसावं. विसंगत वाटतं ते विद्यापीठाच्या खातेवाटपाला.

त्या काळात बायका विद्यापीठात आल्या त्या चळवळीतून. मोर्चाला गेलेली बाई दुसऱ्या दिवशी तासावर असायची. त्यामुळे 'आम्ही' हा शब्द सहज तोंडात यायचा. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मराठीला एक सोय आहे जी इंग्रजीला नाही, हिंदीलाही नाही. तिकडे प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच शब्द, आपल्याकडे दोन. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'आपण', वगळून बोलायचं तर 'आम्ही'. लहान मूलसुद्धा 'आम्ही आंबे खाल्ले' आणि 'आपण आंबे खाल्ले' यातला फरक चुकवत नाही, कारण एकात त्याला आंबा मिळालेला असतो. सहभागी संशोधनावर मी आजवर जेवढं वाचलं त्यातला बराच भाग या दोन शब्दांत मावतो. संशोधिका गावात जाते आणि 'आपण' म्हणते. समोरची बाई 'आम्ही' म्हणते. मग अहवाल इंग्रजीत लिहिला जातो आणि दोन्हींचा एकच शब्द होतो.

१९८९ साली आलेल्या दोन पुस्तकांची नावं यासाठी शेजारी ठेवून पाहावीत. मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास, त्या स्त्रियांच्या मुलाखतींसह. त्याच वर्षी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेचं तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या कथनांचं पुस्तक इंग्रजीत आलं. मूळ तेलुगू पुस्तक १९८६ चं. तेलुगूतही मराठीसारखेच दोन शब्द आहेत, आणि त्या पुस्तकाचं तेलुगू नाव 'आपण'वालं आहे: आपल्याला ठाऊक नसलेला आपला इतिहास. इंग्रजीत दोन्हींचा सूर सारखाच लागतो, दोन्हीकडे बायका इतिहास घडवत आहेत. मुळात पाहिलं तर हैदराबादच्या मैत्रिणी वाचणाऱ्या बाईला कवेत घेतात. पवार आणि मून मात्र वाचणारीला समोर उभं करतात. 'आम्हीही' या शब्दातला तो शेवटचा 'ही' फार बोलका आहे. तुमच्या इतिहासात, तुमच्या स्त्रीमुक्तीच्या इतिहासातसुद्धा, आम्ही नव्हतो, असं तो 'ही' सांगतो. पवार तेव्हा सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करत होत्या. विद्यापीठाच्या कुठल्याही पदावर नसलेल्या दोघींनी मिळून केलेलं हे काम आज विद्यापीठांत अभ्यासाला असतं.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' त्याआधीचं, १९८६ चं. आत्मकथन म्हणून आपण ते वाचतो, पण नावात 'माझं' नाही. वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलेल्या वह्या होत्या त्या, आणि एकान्तात लिहितानाही बाई बहुवचनात लिहीत होती. लिहिणारा हात एकटीचा असला म्हणजे लेखन एकटीचं होतं, असं मानायची सवय या पुस्तकानं मोडायला हवी होती. आपण ती तशीच ठेवली.

नव्वदीत मग भांडण उघड झालं. दलित स्त्रिया वेगळं का बोलतात, यावर गोपाळ गुरूंनी १९९५ साली लिहिलं. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्या चर्चेला पुढे नेत सवर्ण स्त्रीवाद्यांना, म्हणजे स्वतःलाही, प्रश्न विचारला. दलित स्त्रियांचं बोलणं त्यांचं वेगळेपण म्हणून मान्य करून बाजूला बसायचं, की त्या बोलण्यानं आपली स्वतःची जागा हलू द्यायची? वेगळेपण मान्य करणं सोपं असतं. त्यात मान्य करणारीचं काही जात नाही. रेगे यांचं पुढचं सगळं काम मला या प्रश्नाचं हळूहळू दिलेलं उत्तर वाटतं. २००६ च्या पुस्तकात त्यांनी आठ दलित स्त्रियांची आत्मकथनं साक्ष म्हणून वाचली. नंतर शिकवण्याच्या पद्धतीवर लिहिताना फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ च्या नाटकापर्यंत त्या मागे गेल्या. २०१३ साली, पन्नाशी गाठण्याआधीच, त्या गेल्या.

त्या ज्या स्त्री अभ्यास केंद्रात होत्या, पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले केंद्रात, तिथून २००९ साली एक छोटंसं पुस्तक निघालं. नावातच प्रश्न आहे: हे ताट भारतीय नाही का? दलितांच्या अन्नाचा इतिहास आणि आठवणी हा विषय. वर्गातल्या अभ्यासातून, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं हे काम आहे, आणि त्यात पाककृती आहेत. विद्यापीठाच्या प्रकाशनात पाककृती! माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते चाळून परत केलं आणि म्हणाले, "छान आहे, पण हे गृहविज्ञानात जाईल ना?"

त्यांच्या प्रश्नात पुस्तकाचं सगळं महत्त्व होतं, त्यांना ते ठाऊक नव्हतं इतकंच. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. तिनं दोन-तीन पिढ्यांना वाट्या-चमच्यांचं प्रमाण शिकवलं. दोन वाट्या डाळ, पाव वाटी तेल. हे प्रमाण लिहिता येतं कारण डब्यात डाळ आहे हे गृहीत असतं. जिथं आज मजुरीवर काय मिळालं, वाट्याला जनावराचा कुठला भाग आला, यावर चूल ठरते तिथं प्रमाण कसं लिहायचं? मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या ही बेगमी आहे. ती सणाची हौस नव्हे, उपासाची भीती आहे. पाककृती लिहायला बसलं की हे आपोआप समोर येतं. कारण 'साहित्य' या मथळ्याखाली काय लिहायचं हा प्रश्न पहिल्याच ओळीला उभा राहतो. शोधनिबंधात हाच मुद्दा 'अन्नसुरक्षेचे सामाजिक आयाम' होऊन येतो आणि वाचणाऱ्याच्या तोंडाला चवही लागत नाही, किळसही येत नाही. या पुस्तकाला वाचणाऱ्याची ती किळस हवी आहे. ती कुठून आली, हा त्याचा पुढचा प्रश्न.

शिवाय वर्गातल्या कुणाला तरी ही पाककृती घरी आजीला विचारावी लागते. वर्गात आजवर गप्प बसलेली मुलगी त्या दिवशी जाणकार असते, आणि 'रुचिरा'च्या घरातली मुलगी वही उघडून लिहून घेते. वर्गातली उतरंड अशी एका तासापुरती उलटते. तासापुरतीच, हे खरं. पण एरवी तेवढीही उलटत नाही. सर्जनशील पद्धत म्हणजे रूक्ष निष्कर्षांवर शेवटी घातलेली कोथिंबीर, असं समजणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे: इथं पाककृती काढून टाकली तर निष्कर्षच उरत नाही. शाहू पाटोळे यांनी विद्यापीठाबाहेर राहून २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. एका 'अ'नं त्यांनी रोजच्या जेवणाआधीच्या श्लोकाला जे केलं, ते करायला आमच्यापैकी एखादीला चाळीस पानं लागली असती.

नाटकाचीही तीच गोष्ट. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय मी सावित्रीबाई' गावोगाव केलं; नंतर तमाशातल्या बायकांना भेटून, त्यांच्याशी बोलून 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' उभं केलं. हे क्षेत्रकार्य नाही तर काय? फरक इतकाच की, इथं चुकीचं बोललं तर समोर बसलेली बाई उठून जाते. शोधपत्रिकेच्या परीक्षकापेक्षा हा परीक्षक कडक.

आता सीतापूरकडे जाते. हा भाग लांबेल, पण त्याला इलाज नाही. सहलेखनाचं इतकं उघडंवाघडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यात गावपातळीवर काम करणाऱ्या सात कार्यकर्त्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ऋचा सिंह, आणि अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकवणाऱ्या ऋचा नागर अशा नऊजणी २००२ च्या सुमारास एकत्र बसल्या. सातजणींनी रोजनिशी लिहायला घेतली: बालपण, लग्न, भूक, अंगावरचं बोलणं, नोकरी. लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवायचं, मग त्यावर बोलायचं, पुन्हा लिहायचं. २००४ साली हिंदीत 'संगतीन यात्रा' आलं. संगतीन हा अवधी शब्द, जन्माची सोबतीण. आपल्या ओव्यांतली गडणी तिच्या जवळपास जाते.

रोजनिशा एकमेकींत विणून लिहिल्या आहेत. बालपणाच्या प्रकरणात सातही बालपणं शेजारी येतात, आणि मग दिसतं की भुकेची आठवण सगळ्यांना आहे पण शिवाशिवीची आठवण सगळ्यांना सारखी नाही. कुणी विटाळ सोसलेला, कुणी पाळलेला. मुसलमान कार्यकर्तीच्या घरी पाणी पिताना कुणाचा हात अडखळला होता, हे त्या खोलीत बोललं गेलं. हिंदीतलं 'हम' या पुस्तकात पानोपानी तडकतं, आणि लेखिकांनी तो तडा बुजवलेला नाही. मराठीत भाषांतर करणारीला दर वाक्याला थांबून ठरवावं लागेल, इथं 'आम्ही' की 'आपण'.

नावांचाही विचार पाहा. पुस्तकावर नऊजणींची खरी नावं लेखिका म्हणून आहेत. आत मात्र सातजणींच्या आयुष्यांना टोपणनावं आहेत: चाँदनी, गरिमा, राधा, शिखा अशी. म्हणजे लेखिका म्हणून श्रेय उघड आणि कुणाचा नवरा कसा वागला हे झाकलेलं. माझ्या 'क्र. १७'ची आठवण इथं टोचते. निनावी ठेवण्यामागचं कारण संरक्षण हे होतं, आणि ते खोटं नव्हतं; पण मी श्रेय आणि संरक्षण यांची एकच गाठ बांधली आणि दोन्ही माझ्याजवळ ठेवून घेतली. संगतिनींनी ती गाठ सोडवून दाखवली. त्यासाठी फार मोठं तत्त्वज्ञान लागलं नाही. सातजणींना विचारावं लागलं.

पुस्तकात स्वयंसेवी क्षेत्राच्या आतली उतरंडही आली होती: जीप कुणाची, अहवाल कुणाचा, परिषदेला विमानानं कोण जातं. त्यावरून वादळ उठलं, लेखिकांवर दडपण आलं. २००६ च्या इंग्रजी आवृत्तीला 'आगीशी खेळ' अशा अर्थाचं नाव पडलं ते उगाच नव्हे. तिला प्रस्तावना चंद्रा तळपदे मोहंती यांची आहे. मुंबईत जन्मलेल्या या विदुषीनं पाश्चात्त्य स्त्रीवाद तिसऱ्या जगातल्या बाईला एकाच साच्यात कसं ओततो यावर ऐंशीच्या दशकात लिहिलेला निबंध जगभर शिकवला जातो. नंतर सीतापुरात शेतकरी-मजुरांची संघटना उभी राहिली, रोजगार हमीची मजुरी आणि कालव्याचं पाणी हे तिचे प्रश्न. पुस्तकानं संघटना उभी केली असं मी म्हणणार नाही. पण एकमेकींचं लिहिलेलं ऐकून घ्यायची सवय लागलेल्या बायका बैठकीत वेगळ्या बसतात, इतकं म्हणेन.

आता हेच पुस्तक विद्यापीठाच्या तराजूत घालू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाचे गुण मोजायचा तक्ता आहे. राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १० गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनहून अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७०, उरलेल्या प्रत्येकाला ३०. नऊजणींच्या पुस्तकात एकीला ७ आणि आठजणींना ३-३. आता पहिली कोण, हे ठरवायला पुन्हा बसा! भाषांतराच्या पुस्तकाला ८, एखाद्या प्रकरणाच्या किंवा लेखाच्या भाषांतराला ३. ओव्यांच्या बैठकीतल्या भांडणाला किती, ते तक्त्यात नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. बारा-बारा नावांचे निबंध छापून बढत्या घेणाऱ्यांना आवरायचं होतं. पण चोराला धरायला लावलेल्या जाळीत शेजारीण अडकली. तरुण प्राध्यापिका मला विचारतात, "मॅडम, सगळ्या मिळून लिहू, पण कायम होईपर्यंत थांबू का?" मी त्यांना थांबू नका असं सांगत नाही. माझी नोकरी झाली आहे. तो सल्ला देणं मला स्वस्त पडेल.

स्त्रीवादी सहकार्य म्हणजे आपोआप बरोबरी, असं मानणाऱ्यांचा मला अलीकडे थोडा कंटाळा येतो. सहकार्यात चहा कोण करतं, टेप कोण उतरवून काढतं, हे पाहावं. ध्वनिफीत ऐकून लिहून काढणं हे विद्यापीठातलं दळण आहे. एका तासाच्या बोलण्याला सहा-सहा तास लागतात, आणि ते काम बहुधा रोजावर घेतलेली एम.ए.ची मुलगी करते. बाईनं कुठं श्वास घेतला, कुठं विषय बदलला, हे तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नसतं. निबंधात तिला तळटीपही मिळत नाही. या पुस्तकात लिहून काढणाऱ्या मुलींची नावं लेखिकांच्या ओळीत आहेत. यावर आमच्यात दोन बैठका झाल्या, दुसरी फारशी गोड नव्हती.

शेवटी एक खुलासा. छापायला देण्याआधी सगळे लेख ज्या बायकांच्या बोलण्यावर उभे आहेत त्यांना वाचून दाखवायचे, असं ठरलं होतं. एका गावात मंदिराच्या ओट्यावर वाचन चाललं होतं. आमच्या एका तरुण लेखिकेनं मोठ्या मायेनं लिहिलं होतं, "आपण सगळ्या जात्यावर वाढलो." ऐंशीच्या घरातल्या एक आजी हात वर करून म्हणाल्या, "थांब गं बाई. तू कुठं वाढलीस जात्यावर? तुझ्या आईनं गिरणीतनं पीठ आणलं." सगळा ओटा हसला. लेखिकेचा चेहरा पडला. नंतर तीही हसली, पण जरा उशिरा. मग तिनं तिथंच पेननं 'आपण सगळ्या' खोडलं, वर 'त्या' लिहिलं आणि 'वाढलो'चं 'वाढल्या' केलं. खोडलेले शब्द आडव्या रेघेसकट तसेच छापायचे, असा आजींचा नव्हे, तिचा हट्ट. छापखान्यानं दोनदा ती चूक समजून काढून टाकली. तिसऱ्या प्रुफात मी समासात लाल शाईनं लिहिलं: रेघ राहू द्यावी. पुस्तकात ती रेघ दिसेल. नाही दिसली तर छापखान्याचा तिसरा विजय समजावा.